बाईंच्या घरी आखाजी

माझं माहेर जळगावचं म्हटलं की बायका लगेच विचारतात, "अगंबाई, म्हणजे केळीचं जळगाव ना?" मग दर वेळी सांगावं लागतं, नाही हो, ते खानदेशातलं. आमचं बुलढाणा जिल्ह्यातलं, सातपुड्याच्या पायथ्याचं. जवळच्या जामोद गावाचं नाव जोडून त्याला जळगाव जामोद म्हणतात. पूर्वी हा तालुका अकोला जिल्ह्यात होता, १९०५ मध्ये तो बुलढाण्याला जोडला गेला. बोली वऱ्हाडी, पण खानदेश शेजारीच असल्यामुळे आखाजीचं कौतुक तिकडच्यासारखंच. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. पितरांसाठी घागर भरायची, आमरस-सांजोऱ्या करायच्या, कडुनिंबाला झोके बांधायचे, आणि सासुरवाशिणींनी माहेरी यायचं.

पण मैत्रिणींनो, आई-वडिलांच्या मागे माहेर उरतं कितीजणींना? माझं नव्हतं उरलं. आई गेली, वडील गेले, भावाने घर विकलं. "आता कुणाकडे जायचं?" असं म्हणत मी बावीस वर्षं काढली. आज खरं सांगते, घर हे निमित्त होतं. मला आमच्या बाईंना तोंड दाखवायची लाज वाटत होती.

बाई आम्हाला पाचवी ते सातवी होत्या. आमच्या भागात पूर्णा नदीच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. तिथल्या विहिरींचं पाणी खारं. त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. तसल्या खेड्यांतून काही मुली शाळेत यायच्या. पहाटे उठून दूरवरून गोडं पाणी आणायचं आणि मग शाळा गाठायची, म्हणजे उशीर ठरलेलाच. बाई त्यांना कधी बोलल्या नाहीत. त्या हजेरीच दुसऱ्या तासाला घ्यायच्या. एकदा त्यांनी वर्गात स्टोव्ह आणला, दोन पातेल्यांत तुरीची डाळ घातली, एकात गोडं पाणी, एकात खारं. एक डाळ मेणासारखी शिजली, दुसरी शेवटपर्यंत टणक. आम्ही शास्त्र शिकलो ते शिकलोच, पण शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीच्या आईचे हाल त्या दिवशी पहिल्यांदा कळले.

दुसरी गोष्ट भेंडवळची. आमच्याच तालुक्यातलं हे गाव. आखाजीच्या संध्याकाळी तिथे शेतात घट मांडतात. गोल आखून अठरा धान्यं ठेवतात, मधे पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळं, त्यांवर पाण्याची घागर आणि पापड, कुरडई, करंजी असं काय काय. रात्रभरात त्यांत काय बदल झाला ते पाहून दुसऱ्या दिवशी पहाटे पीकपाण्याचं भाकीत सांगतात. शेतकरी लांबून ऐकायला येतात. आमच्या बाईंनी त्याची थट्टा केली नाही की त्यावर भरवसाही ठेवला नाही. त्या म्हणायच्या, "ऐकलेलं वहीत लिहा, दिवाळीत ताळा करू." दिवाळीत आम्ही ताळा करायचो. काही जुळायचं, काही नाही. बाई फक्त मोजायला लावायच्या.

१९७५ साली मी सातवी झाले आणि वडिलांनी शाळा बंद करायचं ठरवलं. बाई लागोपाठ तीन संध्याकाळी आमच्या ओट्यावर येऊन बसल्या. वडील म्हणाले, "घरचं काम कोन करंन?" बाई म्हणाल्या, "सकाळची कामं करून येऊ द्या तिला. उशिराचं मी शाळेत सांगून ठेवते." मी दहावी झाले ती त्या तीन संध्याकाळींमुळे.

पुढे डी.एड.ला नाव घातलं, वर्षभरात लग्न ठरलं आणि ते अर्धवटच राहिलं. लग्नानंतर बाईंचं पोस्टकार्ड आलं. त्यांनी एवढं झगडून शिकवलं आणि मी पोळ्या लाटत बसले, असं वाटून मी उत्तरच दिलं नाही. एक वर्ष गेलं, मग दहा, मग लिहायचा धीरच होईना.

गेल्या आखाजीला मात्र निघाले. कोणाला जायचं असेल तर सांगते, रेल्वेने नांदुऱ्याला उतरायचं. तिथे मोजक्याच गाड्या थांबतात, म्हणून आधी चौकशी करावी. नाहीतर शेगावला उतरावं, म्हणजे गजानन महाराजांचं दर्शन होतं आणि कचोरीही मिळते. नांदुऱ्याला हमरस्त्यावर १०५ फुटी मारुती आहे. तिथून एस.टी.ने येरळीचा पूल, खाली पूर्णा, मग सपाट काळी शेतं, आणि समोर हळूहळू वर येणारा निळा सातपुडा. तो दिसला आणि माझा घसा दाटून आला.

बाईंच्या गल्लीत उभी राहिले तर शेजारीण म्हणाली, "कोन पाह्यजे वं बाई?" तिनेच आत नेलं. बाई ओसरीत बाजेवर बसलेल्या. वय पंच्याऐंशीच्या घरात, नजर अधू. मी नाव सांगितलं. क्षणभर गप्प राहून म्हणाल्या, "तुझ्या वडिलांनी तीन दिवस मला चहा पाजला होता."

मी पाया पडले आणि सगळं भडभडा सांगून टाकलं. डी.एड. सुटलं, नोकरी केली नाही, लाज वाटली म्हणून पत्र लिहिलं नाही. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मी हिशेब मागितला होता का? खुशाली विचारली होती. तुझं उत्तर नाही आलं, तेव्हा मला वाटलं, सासरी पोरीचं काही बरंवाईट तर झालं नाही ना? दोन वर्षं तो घोर होता मला. मग तुझी आई बाजारात भेटली, तेव्हा जीव भांड्यात पडला."

ऐंशीच्या आसपास वर्तमानपत्रात सुना जळाल्याच्या किती बातम्या यायच्या, ते तुमच्यातल्या वयस्क मैत्रिणींना आठवत असेल. मी माझ्या लाजेत गुरफटले होते आणि इकडे ही बाई माझ्या जिवाची काळजी करत होती! मला काही उत्तर सुचलं नाही. बाईंनीही "जाऊ दे गं" म्हटलं नाही. तेच बरं झालं.

ताळ्याच्या जुन्या वह्या मागितल्या, तर त्या जुलै २०२३ च्या अतिवृष्टीत गेल्या. घरात पाणी शिरलं, कागदाचा लगदा झाला. मी थोडी आधी आले असते तर माझं सातवीतलं अक्षर पाहायला मिळालं असतं.

रात्री राहिले. त्यांच्या सुनेने आमरस-सांजोऱ्या वाढल्या, निघताना ओटी भरली. सकाळी शेजारचा मुलगा भेंडवळचं भाकीत मोबाइलवर घेऊन आला. बाईंनी कोरी वही पुढे केली, "लिही. मला आता दिसत नाही." मी मोठ्या अक्षरात लिहिलं. "दिवाळीत ताळा करायला ये," त्या म्हणाल्या.

तुमच्याही कुणी बाई, कुणी गुरुजी असतील. जाताना शाल-पेढ्यांचा घाट घालू नका. या वयात बहुतेकांना साखर वर्ज्य असते. आधी फोन करून विश्रांतीची वेळ विचारा, आणि घाईने न उठता निदान दोन तास बसा. आपण आयुष्यात काय केलं नाही याची यादी घेऊन तर मुळीच जाऊ नका. त्यांना ती नको असते, आपण सुखरूप आहोत एवढंच हवं असतं. आणि जाणं जमत नसेल तर आज जेवणं आटोपल्यावर दोन ओळी लिहा, चांगल्या ठसठशीत अक्षरात.

मी दिवाळीचं तिकीट काढलंय.