पाण्याचे थांबे

ज्येष्ठांसह एका दिवसात जाऊन येण्याचा बेत आखताना बहुधा अंतर आणि वेळ यांचाच हिशेब होतो. मागील हिवाळ्यात आईला माळशेज घाट दाखवावा म्हणून आम्ही डोंबिवलीहून पहाटे निघालो. कल्याण सोडले, रायते येथे उल्हास नदी ओलांडली, मुरबाड आणि टोकावडे मागे पडले. वैशाखरे गावाजवळ आईला घेरी आली. गाडी थांबवून तिला आडवे केले. रक्तदाब बराच उतरला होता. सकाळपासून तिने पाण्याचा घोटही घेतला नव्हता.

“वाटेत जायचे कुठे रे?” ती संकोचाने म्हणाली.

इतकी वर्षे रुग्णांना प्रश्न विचारणाऱ्या मला हा प्रश्न सुचला नव्हता. आम्ही तेथूनच परतलो.

वैशाखऱ्याच्या वर नाणेघाट आहे. सातवाहनकाळी जुन्नरहून कल्याण बंदराकडे येणारी व्यापारी वाट तेथून उतरे. कातळात कोरलेली पाण्याची टाकी तेथे आजही आहेत. पूर्वजांनी वाटेबरोबर विसावाही आखला होता.

म्हणून निघण्यापूर्वीच स्वच्छतागृहांची ठिकाणे हेरून ठेवावीत. तासा-दीड तासाने उतरून चार पावले चालावे. पाणी थोडे थोडे प्यावे. डॉक्टरांनी मर्यादा घातली असल्यास तेवढेच. लघवीची गोळी परस्पर टाळू नये. तिची वेळ बदलता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे. घाट अंधारापूर्वी उतरावा. पावसाळ्यात दरडींमुळे तो टाळावाच.

महिन्याभराने चार थांबे ठरवून आम्ही पुन्हा निघालो. या खेपेस घाटमाथ्यावर आईनेच पाणी मागितले.