कोवळे ऊन आणि साठ हजारांची पुडी

माळव्याच्या रात्रीची कीर्ती ‘शब-ए-मालवा’ म्हणून दूरवर पसरली. माळव्याच्या उन्हाची महती मात्र कोणी गायली नाही. इंदूरच्या आमच्या जुन्या वाड्यात ते चौकात मुक्कामालाच असे. थोरल्या काकू भर दुपारी गच्चीवर कुरडया घालीत, तेव्हा त्यांच्या पोलक्याच्या बाह्या कोपरावर सरकवलेल्या आणि पदर कमरेला खोचलेला असे. घरातली पुरुषमंडळी पहाटे सूर्यनमस्कार घालून आरोग्याचा सगळा मक्ता आपल्याकडे घेत. ऊन घ्यावे ते कोवळेच, हा त्यांचा सिद्धान्त. शास्त्र काकूंच्या बाजूचे आहे, हे आम्हांला कळले ते पुष्कळ वर्षांनी, आणि त्यासाठी एक हाड मोडावे लागले.

वाडा विकला गेला आणि २०११ साली आम्ही तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आलो. धूळ फार येते म्हणून सज्जाला काचा लावून घेतल्या. काकू रोज सकाळी तिथे तासभर बसत आणि ऊन घेतल्याच्या समाधानाने उठत. त्वचेत ड जीवनसत्त्व घडवणारे अतिनील किरण खिडकीच्या काचेतून जवळजवळ येतच नाहीत. शिवाय सूर्य तिरपा असला की बहुतेक किरण वातावरणातच गाळले जातात. आपली सावली आपल्या उंचीहून लांब पडते आहे तोवर त्या उन्हातून फारसे काही हाती लागत नाही. म्हणजे काकूंचा तो तास दोन्ही बाजूंनी वायाच जात होता.

फेब्रुवारी २०१९ मध्ये न्हाणीघरात पाय घसरून त्यांच्या खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया चांगली झाली. रक्तातले ड जीवनसत्त्व नऊ निघाले. विसाच्या खाली गेले की कमतरता धरतात. ते नसले म्हणजे अन्नातला कॅल्शियम आतड्यांना नीट शोषता येत नाही आणि शरीर आपली गरज हाडांतून काढून भागवते. उपाय म्हणून साठ हजार युनिटांची पुडी लिहून मिळाली. आठवड्याला एक, आठ आठवडे.

पुढचे लिहिणे आम्हांला जड जाते. रुग्णालयाच्या कागदावरचे अक्षर वाचवेना, म्हणून औषधांची यादी आम्ही आमच्या हाताने सुवाच्य उतरवून काढली आणि ती पुडी ‘रोज रात्री दुधातून’ या रकान्यात नेऊन बसवली. पुड्या संपल्या की नव्या येत गेल्या. कोणाला शंका आली नाही. जीवनसत्त्व या शब्दाला कोण भिणार?

दहा आठवडे हे चालले. काकूंची भूक गेली, तहान भागेना, उलट्या सुरू झाल्या. एका संध्याकाळी त्यांनी आम्हांलाच कैलासवासी काका समजून, “अहो, दिवा लावायचा राहिला ना,” म्हटले. वय झाले, असे आम्ही एकमेकांना सांगितले. दुसऱ्या एका डॉक्टरांनी एवढेच विचारले, “ह्या पुड्या कशा देता?” आमचे उत्तर ऐकून त्यांनी लेखणी खाली ठेवली. रक्तातला कॅल्शियम चौदावर गेला होता. साडेदहाच्या आसपास मर्यादा संपते. साठ हजार युनिटे म्हणजे वजनाने अवघा दीड मिलिग्रॅम, पण प्रौढ माणसाने आपल्या मनाने रोज घ्यावयाची कमाल मात्रा चार हजारच आहे. आम्ही तिच्या पंधरापट देत होतो. क जीवनसत्त्वासारखे हे लघवीवाटे निघून जात नाही, मेदात साठून राहते. पुड्या थांबवून, सलाइन लावूनही काकू पूर्ववत व्हायला कित्येक आठवडे गेले.

हल्ली आमच्या मंडळींत रक्तातल्या ड जीवनसत्त्वाचे आकडे पत्रिकेतल्या गुणांसारखे सांगितले जातात, आणि पुडी शेजाऱ्याच्या सल्ल्यानेही घेतली जाते. अमेरिकेत पंचवीस हजारांवर लोकांना घेऊन पाच वर्षे एक अभ्यास झाला. रोज दोन हजार युनिटे घेणाऱ्यांची हाडे न घेणाऱ्यांपेक्षा कमी मोडली नाहीत, असे त्यातून २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. ते लोक कमतरता पाहून निवडलेले नव्हते, हेही सांगायला हवे. काकूंसारखीला औषध हवेच होते. पण ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढच्या स्त्रियांना वर्षातून एकदाच पाच लाख युनिटे दिली, तेव्हा त्या अधिक पडल्या आणि त्यांची हाडेही अधिक मोडली, असे २०१० मध्ये दिसले होते. हे सांगू लागलो की लोक आमच्याकडे पाहून हसतात. आमची वही त्यांनी पाहिलेली नाही. ती यादी आम्ही अजून फाडलेली नाही.

काकूंनी ऐंशी केव्हाच ओलांडली. औषध आता डॉक्टर ठरवतील तेवढेच, आणि ते द्यायचे काम आमच्याकडून काढून सूनबाईंकडे गेले आहे. माघ लागला की बारानंतर आम्ही त्यांना लिफ्टने इमारतीच्या गच्चीवर नेतो. वॉकर बाजूला ठेवून त्या खुर्चीत बसतात, बाह्या कोपरावर सरकवतात आणि पणतवाला समोर उन्हात उभा करून विचारतात, “बघ रे, सावली तुझ्याहून लांब आहे का अजून?”