भवानीचं गिऱ्हाईक

फलटणच्या बाजारात सकाळचं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे भवानी. भाजीवाल्या मावशी ती नोट कपाळाला लावतात आणि पिशवीत चार मिरच्या वर टाकतात. नव्या यंत्रांच्या बाजारात मात्र भवानी करणाऱ्याला माल सगळ्यांत महाग पडतो आणि मिरच्या त्याच्याच डोळ्यांत जातात.

हे शहाणपण मला 2022 च्या उन्हाळ्यात आलं. आमच्या गल्लीतली पहिली विजेवरची स्कूटर माझी. हार घातला, चाकाखाली लिंबू चिरडलं, पेढे वाटले. शेजारच्या आबांनी गाडीभोवती एक फेरा मारला आणि म्हणाले, “आवाजच नाही हो हिला. म्हशी बाजूला कशा होणार?”

म्हशींचं निभावलं, निभावलं नाही ते उन्हाचं. मे महिन्याच्या दुपारी जिंती नाक्याजवळ पडद्यावरचे बासष्ट टक्के बघता बघता नऊ झाले आणि गाडी थांबली. एका लुनावाल्याने मागून पाय लावून मला घरापर्यंत ढकलत आणलं. गाडी दुरुस्त करणारी माणसं पुण्यात, शंभराहून जास्त किलोमीटर दूर. फोनवर उत्तर मिळालं, “पुढच्या अपडेटमध्ये होईल.” आजारी माणसाला पुढच्या पंचांगाची तारीख द्यावी, तसं. त्याआधी मार्चमध्येच पुण्यात भररस्त्यात एका ई-स्कूटरने पेट घेतल्याचा व्हिडिओ घरोघरी फिरला होता. तेव्हापासून आईने गाडी ओट्यावरून हलवून शेवग्याखाली लावायला लावली होती. रात्री दोनदा उठून ती खिडकीतून बघायची. वर्षभरात त्याच गाडीची सुधारलेली आवृत्ती आली. माझ्या गाडीचं सीटसुद्धा अजून मऊ पडलं नव्हतं.

खरं तर फलटणला हे नवं नसावं. इथल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत अनिल राजवंशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकातच विजेवरच्या रिक्षावर काम सुरू केलं होतं. त्यावरचा त्यांचा लेख 2002 मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये छापून आला. पण तेव्हाच्या शिशाच्या बॅटऱ्या जड, आणि अशा रिक्षेला बसवायला कायद्यात खणच नव्हता. ई-रिक्षांसाठी मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली ती 2015 मध्ये. पाहुणा आधी आला आणि चूल पेटलीच नव्हती, अशातली गत.

त्याही मागे गेलं तर लोखंडी नांगर आहे. 1903 च्या सुमारास बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी तो घडवला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते म्हणून शेतकरी त्याला हात लावेनात. पहिले नांगर खपायला दोनेक वर्षं गेली. पुढे 1910 मध्ये आपल्या कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली, आणि लक्ष्मणरावांचं नाव पाठ्यपुस्तकात गेलं. मला मात्र तो पहिला नांगर घेणारा शेतकरी आठवत राहतो. बांधावर उभं राहून किती जण हसले असतील? पहिल्या तासाला फाळ अडला तेव्हा कारभारीण काय बोलली असेल? पिकलं तेव्हा ‘नांगर चांगला’ म्हणाले असतील, आणि नसतं पिकलं तर ‘हा येडा’. पारख नांगराची व्हायची होती, पण पणाला लागली ती त्याची जमीन.

गेल्या दिवाळीत आबांनी विजेवरची स्कूटर घेतली. माझ्या गाडीपेक्षा स्वस्त आणि जास्त पळणारी. घेण्याआधी तीन संध्याकाळ ते माझ्या ओट्यावर बसून होते. उन्हात किती उतरते, सावलीत लावू का, बॅटरी कितीपर्यंत भरू, एकेक विचारून घेतलं. मीही तज्ज्ञासारखं सांगितलं. दोन वर्षांची फी भरली होती, कुठेतरी वसूल व्हायलाच हवी होती.

त्यांच्या घरी जाड पिनेचं सॉकेट बसवायचं राहिलं होतं. म्हणून पहिल्या रात्री त्यांची नवी गाडी शेवग्याखाली, माझ्या वायरवर चार्ज झाली. सकाळी आबा पेढे घेऊन आले. मी पुडा उघडला, तर आईने त्यातला पहिला पेढा उचलून शेवग्याखाली नेला आणि माझ्या जुन्या गाडीच्या सीटवर ठेवला.