हाताची घडी, तोंडावर बोट



गेल्या हिवाळ्यात मी सहा महिने मुलाकडे, न्यू जर्सीतल्या जर्सी सिटीला होते. आमची चिऊ सप्टेंबरपासून किंडरगार्टनला, म्हणजे आपल्याकडच्या मोठ्या शिशुवर्गात जाणार होती. मुलाने संगणकावर मोठा तक्ता केला होता. उभ्या रांगेत शाळांची नावं, आडव्या रांगेत परीक्षांचे निकाल. मला म्हणाला, "आई, तू बी.कॉम. आहेस ना, जरा तपासून दे." चाळीस वर्षांत माझ्या बी.कॉम.ची आठवण घरात कुणाला झाली नव्हती, म्हणून मीही मनावर घेतलं. चष्मा पुसला आणि बसले.

तक्त्यात काही शाळांपुढे 'चार्टर' असं लिहिलं होतं. म्हणजे काय, हे सूनबाईने समजावलं. पैसा सरकारी, कारभार स्वतंत्र मंडळाचा. फी नाही, प्रवेश परीक्षा नाही. सरकारशी करार होतो, त्यालाच चार्टर म्हणायचं. न्यू जर्सीत पहिला करार चार वर्षांचा, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. काम बरं नसेल तर शाळा बंदही होते. पहिला कायदा मिनेसोटा राज्यात १९९१ साली झाला, न्यू जर्सीत त्यानंतर काही वर्षांनी. मी म्हटलं, अगं, ही तर आपल्या अनुदानित शाळांचीच चुलत बहीण! संस्था खासगी, पगार सरकारी. आपल्या कुंभोजच्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली, तिच्या शाळा आम्ही लहानपणापासून बघत आलोय. एक फरक मात्र आहे. चार्टर शाळेत मूल गेलं की त्याच्या वाट्याचा बराचसा पैसा शहराच्या नेहमीच्या सरकारी शाळांकडून तिकडे वळतो. त्यामुळे तिथे या शाळांवरून वादही खूप आहेत.

जागांपेक्षा अर्ज जास्त आले तर लॉटरी काढतात. लॉटरी म्हटल्यावर माझ्या कपाळावर आठी. सप्तव्यसनांत पहिलं नाव जुगाराचं, आणि नातीचं शिक्षण चिठ्ठीवर? सूनबाई हसली. "आई, यात पैसे लावायचे नसतात." मग आठवलं, आपल्याकडेही शिक्षण हक्क कायद्याच्या २५ टक्के जागा सोडतीनेच भरतात. आमच्या धुणंभांडीवाल्या ताईंच्या नातवाचं नाव त्यातच लागलं होतं, तेव्हा पेढे मीच आणले होते.

पहिली शाळा बघायला गेलो ती संध्याकाळी सहाला. तिकडे जानेवारीत पाचच्या सुमारासच सूर्य मावळतो, म्हणून मी साडेचारलाच जेवून घेतलं. ही शाळा तक्त्यात सगळ्यांत वर होती. इमारत लख्ख. त्यांनी एक चित्रफीत दाखवली. मुलं जमिनीवरच्या पट्टीवरून एका रांगेत चालताहेत, हाताची घडी, एक शब्द नाही. मला थेट सांगलीची आमची प्राथमिक शाळा आठवली. हाताची घडी, तोंडावर बोट! खरं सांगते, मला बरंच वाटलं. शिस्त म्हणजे अशी.

माझ्या शेजारी एक बाई बसल्या होत्या. हॉस्पिटलात रात्रपाळी करत होत्या, अंगावर तोच गणवेश होता. त्यांचा थोरला मुलगा ज्या शाळेत शिकला तिथे रोज मारामाऱ्या व्हायच्या. सूनबाईला म्हणाल्या, "ही शांतता बघा. मला एवढंच पाहिजे." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

बाहेर निघताना टेबलामागच्या मुलीने चिऊला प्रेमाने नाव विचारलं. आमची चिऊ अडखळत बोलते. पहिलं अक्षर अडकतं, ती मान जरा वर करते, मग शब्द सुटतो. तेवढा वेळ कुणी थांबलं नाही. त्या मुलीने कागद बघून नाव स्वतःच पूर्ण केलं आणि हातात एक स्टिकर दिला. वाईट काही केलं नाही तिने. पण मुलाचा चेहरा उतरला, तो मी बघितला.

दुसऱ्या दिवशी मी हिशेबाला बसले. राज्य सरकार दर वर्षी प्रत्येक शाळेचा अहवाल संकेतस्थळावर टाकतं. त्यात निकाल असतो, तसा पटही असतो. निकाल म्हणत होता, नव्वद टक्के. मला शिकवलंय, टक्के दिसले की आधी विचारायचं, कशाचे? म्हणून मी जुने अहवाल काढून एकाच तुकडीचा माग काढला. तिसरीत ७२ मुलं, पाचवीत ६०, आठवीत ४१. आरंभीची शिल्लक आणि अखेरची शिल्लक जुळेना. मुलाने शाळेला फोन केला. उत्तर मिळालं, काहींनी घरं बदलली, काहींना झेपलं नाही, आणि चौथीनंतर रिकाम्या जागा आम्ही भरत नाही. म्हणजे नव्वद टक्के खरे होते, पण शेवटपर्यंत टिकलेल्यांचे. गेलेल्यांचा निकाल त्यात नव्हता.

हे मी मुलाला मोठ्या अभिमानाने दाखवलं. तो बराच वेळ कागदाकडे बघत राहिला. मग जे बोलला ते मला आजही झोपू देत नाही.

तोही लहानपणी अडखळायचा. आम्ही त्याला गावातल्या सगळ्यांत चांगल्या निकालाच्या शाळेत घातलं होतं. मीच ठरवलं होतं, निकालाचे आकडे बघून. मुलगा म्हणाला, "आई, हजेरीला 'प्रेझेंट' म्हणायला लागायचं. माझा प निघायचाच नाही. मी नुसता हात वर करायचो. सर खाली बघून लिहायचे, आवाज आला नाही की गैरहजेरी मांडायचे."

मला त्या गैरहजेऱ्या आठवल्या. प्रगतिपुस्तकात महिन्याला तीन, कधी चार. आणि मी त्याला रागावले होते. शाळा बुडवून कुठे जातोस, म्हणून एकदा हातही उचलला होता. तो काही बोलला नव्हता. बोलणार तरी कसा? मी मात्र छापलेला आकडा खरा मानला होता, समोर उभ्या असलेल्या पोराला नाही.

दर वर्षी दशलक्षण पर्व संपलं की आपण गावभर क्षमा मागत फिरतो. ही क्षमा माझ्याकडून राहूनच गेली होती. मी त्याला तिथेच हात जोडले. भाद्रपदाची वाट बघितली नाही. "अगं आई, हे काय," म्हणाला आणि उठून पाणी प्यायला गेला. सूनबाईने मला काही न विचारता चहा टाकला.

त्यानंतर आमचे प्रश्न बदलले. दुसऱ्या चार्टर शाळेत गेलो तेव्हा निकालाची चौकशी शेवटी केली. तो मध्यमच होता. भिंतींवरची चित्रं वाकडीतिकडी, वर्गात कलकलाट. चिऊने एक चित्र काढलं. बाईंनी विचारलं, हे काय? चिऊचं अक्षर अडकलं. बाई गुडघ्यावर बसल्या आणि थांबल्या. मी मनात अंक मोजले, अकरा झाले. मग चिऊ म्हणाली, "मून." त्या म्हणाल्या, "मला वाटलंच." बस, एवढंच.

लॉटरी निघाली. पहिल्या शाळेत जागा मिळाली आणि दुसरीत प्रतीक्षा यादीत अडतिसावा क्रमांक! कर्माचा हिशेब कुणाला कळलाय? मुलगा दोन रात्री झोपला नाही. हातात आलेली जागा सोडायची म्हणजे वेडेपणा, असं सगळे मित्र सांगत होते. शेवटी तीच प्रश्नांची यादी घेऊन आम्ही घराजवळची नेहमीची सरकारी शाळा बघितली. तक्त्यात ती बरीच खाली होती, म्हणून आधी कुणी बघितलीच नव्हती. तिथल्या बाई पंधरा वर्षं त्याच वर्गाला शिकवत होत्या. वाचा सुधारणाऱ्या शिक्षिका आठवड्यातून दोनदा मुलांना घेतात. हा हक्क चार्टर शाळेतही असतो, पण इथे आम्ही त्यांना भेटलो, त्यांनी चिऊशी गप्पा मारल्या. मुलाने पहिल्या शाळेची जागा मुदतीत परत केली. ती यादीतल्या पुढच्या मुलाला गेली असेल. त्या रात्रपाळीच्या बाईंच्या धाकट्याला मिळाली असली तर मला फार आनंद होईल. कारण त्यांच्यासाठी ती शाळा बरोबरच होती. अनेकांत आपण स्वाध्यायात ऐकतो. मला तो त्या इमारतीत कळला. एकच शाळा, शांतताही तीच. एका आईला तिचा आधार वाटतो, आणि आमच्या चिऊला त्या शांततेत बोलायची वेळच आली नसती.

आमचा निर्णय बरोबर की चूक, हे कळायला वर्षं जातील. पण नातवंडांच्या प्रवेशाची धावपळ तुमच्याही घरी चालू असेल, म्हणून माझे प्रश्न लिहून ठेवते. पहिलीत किती मुलं आली आणि शेवटच्या वर्गात त्यांतली किती उरली? मधली कुठे गेली? शिक्षक किती वर्षं टिकतात? डबा खायला किती मिनिटं मिळतात? आमची चिऊ घास चावून खाते, तिला वीस मिनिटं पुरत नाहीत. वाढदिवसाच्या केकला अंड्यामुळे नाही म्हटलं तर मुलाला वेगळं बसवतात का? आणि सगळ्यांत शेवटचा प्रश्न तोंडाने विचारायचा नाही, नुसता बघायचा. आपलं मूल बोलताना कोण थांबतं?

आता मी सांगलीत आहे. रविवारी व्हिडिओवर चिऊ दिसते. परवा शाळेतलं काहीतरी सांगायचं होतं, पण पहिलंच अक्षर अडकलं. शब्द मला कळला होता, अगदी जिभेवर आला होता. मी हाताची घडी घातली आणि गप्प बसले.

जय जिनेंद्र.