बाबा साहेबांसमोर वाकतात तेव्हा

तुम्ही लहानपणी वडिलांना कधी त्यांच्या साहेबांसमोर पाहिलंय? मी पाहिलंय. घरी ज्यांनी नुसतं खाकरलं तरी आम्ही भावंडं गप्प व्हायचो, ते बाबा ऑफिसच्या कार्यक्रमात साहेबांच्या प्रत्येक विनोदावर जरा जास्तच हसत होते. त्या रात्री मी न जेवताच झोपलो. कारण कुणालाच सांगितलं नाही.

परवा यासुजिरो ओझू यांचा १९३२ सालचा जपानी मूकपट पाहिला आणि ती रात्र आठवली. इंग्रजीत त्याचं नाव 'आय वॉज बॉर्न, बट...' असं आहे. दोन भाऊ आईवडिलांबरोबर टोकियोच्या उपनगरात राहायला येतात. आपले बाबा सगळ्यांत मोठे, अशी त्यांची खात्री असते. मग एके दिवशी साहेबांच्या घरी हौसेने काढलेली फिल्म दाखवतात. पडद्यावर बाबा साहेबांना खूश करायला वेडीवाकडी तोंडं करत असतात! सगळे हसतात, ही दोघं मात्र नाही. घरी येऊन ती भांडतात आणि जेवण सोडतात. पगार नाही मिळाला तर खाणार काय, हा बाबांचा प्रश्न त्यांना पटत नाही.

ओझू कुणालाच दोषी ठरवत नाहीत. कॅमेरा खाली, मुलांच्या उंचीवर ठेवून ते नुसतं दाखवतात. एका ठिकाणी तो शाळेतल्या मुलांच्या रांगेवरून सरकतो आणि लगेच ऑफिसातल्या जांभया देणाऱ्या माणसांवरून. एकही शब्द न बोलता कळतं, ही मुलं उद्या कुठे बसणार आहेत ते.

'किनेमा जुन्पो' या जपानी मासिकाने त्या वर्षीचा सर्वोत्तम चित्रपट म्हणून याचीच निवड केली. पुढे १९५९ मध्ये ओझूंनी 'ओहायो'मध्ये पुन्हा दोन हट्टी भाऊ आणले. तिथे हट्ट टीव्हीसाठी होता आणि मुलांनी बोलणंच बंद केलं होतं.

मूकपटातला रुसवा सकाळी भाताच्या गोळ्यांवर निवळतो. बाबा मुलांशेजारी येऊन बसतात आणि तिघं खातात. थोड्या वेळाने रस्त्यात साहेबांची गाडी दिसते, तेव्हा मुलंच बाबांना म्हणतात, जा, नमस्कार करा.

चित्रपट संपल्यावर मी बाबांना फोन केला. तो कार्यक्रम त्यांना आठवतच नव्हता. मी जेवलो नव्हतो, एवढं मात्र आठवत होतं.

आता माझी मुलगी मला फोनवर "हो सर, हो सर" करताना ऐकते. या रविवारी हा चित्रपट तिच्याबरोबर पाहणार आहे. तुम्हीही मुलांना जवळ घेऊन पाहा. आणि त्यांनी काही विचारलं, तर उत्तर टाळू नका.