कमळपक्ष्याचे पाणी

कमळपक्षी पाण्यावर चालतो. पायांची बोटे आणि नखे विलक्षण लांब असल्यामुळे अंगाचा भार पसरतो. कुमुदिनीचे पान त्याखाली दबते, बुडत नाही. भारतात त्याच्या दोन जाती आहेत, लांब शेपटीचा आणि कांस्यपंखी, आणि दोन्ही पुणे जिल्ह्यात दिसतात. लांब शेपटीच्या जातीची सोनेरी मान आणि कमानदार शेपटी फक्त विणीपुरती. हिवाळ्यात हाच पक्षी ओळखू येत नाही.

मादी नराहून मोठी आणि भांडखोर. ती चार अंडी घालते आणि दुसऱ्या नराकडे वळते. सुमारे 26 दिवस उबवणे आणि मग पिले सांभाळणे नराच्या वाट्याला येते. पाणी चढू लागले, तर तो चोच आणि छाती यांच्यामध्ये अंडे धरून दुसरीकडे हलवतो. कांस्यपंखी नर तर पिलांना पंखांखाली घेऊन चालतो, तेव्हा त्यांचे पाय बाहेर लोंबत असतात. यात त्याग शोधू नये. पाण्यावरचे घरटे वारंवार नष्ट होते. अशा वेळी मोकळी असलेली मादी लगेच पुन्हा अंडी घालू शकते.

पुणे जिल्ह्यातल्याच जुन्नर-आंबेगावात पाण्याला तोटा नाही. कुकडी प्रकल्पाची माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही पाचही धरणे याच दोन तालुक्यांत आहेत. पण कमळपक्ष्याची वीण पावसाळ्यातली, आणि नेमके तेव्हाच जलाशय भराभर चढतात. पुढे सिंचनाची आवर्तने सुटली की काठ उघडे पडतात. चिखलात मूळ धरणाऱ्या कुमुदिनीला यातले काहीच मानवत नाही. कोल्हापुरी बंधाऱ्यांचे पाणी अडवणारे ढापे पावसाळ्यात काढलेले असतात. ते पुन्हा बसवून पाणी संथ होईपर्यंत वीण उरकलेली असते, आणि मागे जलपर्णी साचली तरी ती पक्ष्याला फक्त चरायला उपयोगी. प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यात तर चिखलच नसतो.

उरतात ती गावतळी आणि पाझर तलाव. यांतले कित्येक 1972 च्या दुष्काळातल्या कामांतून झालेले. पावसाने भरून पाणी सांडव्याच्या पातळीला टेकले की ते बरेच दिवस तिथेच राहते, आणि काठच्या उथळ पाण्यावर पाने पसरतात. 2017 पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेतून राज्यभर तलावांचा गाळ निघतो. शेताला तो हवाच. मात्र यंत्राने तळ सरसकट खरवडला, तर कुमुदिनीचे कंदही गाळाबरोबर शेतात जातात. एका बाजूचा उथळ काठ न खोदता ठेवला, तर पुढच्या पावसात कुमुदिनी तिथूनच पुन्हा फुटते.