पाखरी, जावा आणि फुगवटा

आमच्या दुकानासमोर एसटी थांबते. उतरणाऱ्यांपैकी एखादा तरी ओट्यावर पसरलेल्या पाखरीकडे बघतो आणि म्हणतो, "काय हो, कुत्रीला खायला घालत नाही का?" पाखरी कारवान जातीची आहे. तिच्या मागच्या तीन फासळ्या रस्त्यावरून मोजता येतात, कंबरेची हाडं वर आलेली दिसतात आणि पोट पार आत ओढलेलं असतं. या जातीच्या कुत्र्याची तब्येत अशीच राखायची असते. फासळ्या बुजल्या की दम गेला. हे सगळं मी पूर्वी समजावून सांगत बसायचो. आता "आज चतुर्थी आहे, उपास आहे तिचा" एवढं सांगतो आणि पुन्हा मोटरच्या वाइंडिंगला हात घालतो.

तिचा खुराक साधा आहे. सकाळी ताकात कुस्करलेली ज्वारीची भाकरी, संध्याकाळी भाकरीबरोबर एखादं अंडं, आणि बाजारच्या दिवशी खाटकाकडून आणलेली हाडकं. दिवसभर ती झोपते. राखणीला तिचा काडीचा उपयोग नाही. अनोळखी माणसाने हात लावला तर भुंकत नाही, चावत नाही, नुसती उठून चार पावलं लांब जाऊन बसते. समोरच्याला आपलंच काही चुकलं असं वाटावं अशा बेताने. कातडी इतकी पातळ की वेड्या बाभळीचा काटा ओझरता लागला तरी टराटरा फाटते. गुरांच्या डॉक्टरांनी तिला इतके टाके घातलेत की आता ते मला बघूनच सुईदोरा काढतात.

ही जात आपल्याकडची आणि पलीकडच्या कर्नाटकातलीही. तिकडे तिला मुधोळ म्हणतात. मुधोळ संस्थान घोरपड्यांचं. तिथल्या मालोजीराजांनी या कुत्र्यांची जोपासना केली आणि विलायतेत पंचम जॉर्जला जोडी भेट दिली, असं सांगतात. 2005 साली टपाल खात्याने देशी कुत्र्यांची चार तिकिटं काढली, त्यात मुधोळ होता. भारतीय सैन्यानेही ही कुत्री घेतली. तेव्हापासून पिल्लांचे भाव वधारले आणि आता गाडी घेऊन शोधायला येणारी माणसं वाढली आहेत. लातूर-उदगीरकडे हिचीच लांब केसांची भावकी आहे, तिला पश्मी म्हणतात.

माझे चुलते, तात्या, यांनी अशी कुत्री आयुष्यभर पाळली. त्यांच्याकडे पीक संरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती. निवडणूक आली की ती चौकीत जमा करायची आणि निकाल लागला की गंजलेली परत आणायची, असं चालायचं. शेवटी त्यांनी ती कायमची देऊन टाकली. पण तात्यांचा जीव बंदुकीत कधीच नव्हता. त्यांची शिकार कुत्र्यांची. पहाटे दोन कुत्री घेऊन माळावर जायचं, ससा उठला की पट्टे सोडायचे आणि बघत उभं राहायचं. "ह्ये कुत्रं वासावर जात न्हाय, नजरंवर जातंय," हे त्यांनी मला मी चड्डीत असताना शिकवलं. खरंच आहे. ससा बांधाआड गेला की पाखरीही मागच्या दोन पायांवर उभी राहून चहूकडे बघते. नाक खाली घालत नाही.

वन्यजीवांचा कायदा 1972 साली आला. लहानसहान शिकारीला परवाना मिळण्याची फट तरीही राहिली होती. 1991 च्या दुरुस्तीने ती बुजली. कायदा झाला ते योग्यच झालं, याबद्दल माझ्या मनात किंतु नाही. आमच्या इंदापूर तालुक्यात कडबनवाडीच्या गवताळ माळावर चिंकारा आहेत. त्या बाजूला जायचं झालं तर पाखरीचा पट्टा मी हाताला दोन वेढे देऊन धरतो. मात्र शिकार बंद झाल्याने माळ वाचला असं कुणी म्हणालं की तात्या भडकतात. बोअर झाले, जेसीबी आले, माळ फोडून ऊस लागला. तात्या म्हणतात, "ससं आमी मारलं आसंल, पर माळ तुमी मारला." यावर माझ्याकडे उत्तर नाही. आमच्या दोन एकरांत ऊसच आहे.

आता प्रश्न असा की पिढ्यानपिढ्या पळण्यासाठी निवडत आणलेल्या जनावराला पळवायचं कुठे? साखळीने बांधलं तर ते आठवड्यात खुळं होतं. रस्त्यावर सोडलं तर ट्रॅक्टरखाली जातं, नाहीतर कुणाची तरी शेळी धरतं. यावर आम्ही काढलेला तोडगा म्हणजे माझी जुनी जावा मोटारसायकल.

उन्हाळ्यात उजनी धरणाचं पाणी मागे सरतं आणि फुगवट्याची जमीन उघडी पडते. काळ्या गाळात हातभर रुंद भेगा असतात, तिथे कुत्रं पळवणं म्हणजे पाय मोडून घेणं. काढणी झालेल्या ज्वारीच्या रानात धसकटं असतात, ती पंजा चिरतात. आम्ही जुन्या गाडीवाटेचा मुरमाड पट्टा शोधून ठेवलाय. आदल्या संध्याकाळी मी तो चालून बघतो: काच, तार, आणि सगळ्यात आधी टिटवीची अंडी. टिटवी जमिनीवरच अंडी घालते आणि खड्यांत ती दिसत नाहीत. जवळ गेल्यावर ती डोक्यावर ओरडत घिरट्या घालायला लागली की समजायचं. तसं झालं की तो पट्टा त्या महिन्यापुरता टिटवीचा.

जावाच्या मागे पन्नासेक फूट नायलॉनचा दोर, दोराच्या टोकाला गोणपाटाचं फडकं. पुतण्या गाडीवर. मी पाखरीला दोन पायांत धरून बसतो. इंजिन सुरू झालं की तिची थरथर माझ्या गुडघ्यांना लागते. पुतण्या पहिला गिअर टाकतो, दोर ताणला जातो, फडकं मुरमावर उडी मारतं, आणि त्याच क्षणी पाखरी माझ्या पकडीतून सुटलेली असते. सोडली म्हणायचं ते उगाच. धावताना प्रत्येक झेपेत दोनदा तिचे चारही पाय जमिनीपासून सुटतात: एकदा सगळे पोटाखाली गोळा झालेले असताना आणि एकदा पुढचे-मागचे पुरते ताणलेले असताना. घोडा एका झेपेत एकदाच असा अधांतरी होतो. वळणावर शेपूट ज्या बाजूला फिरेल त्याच्या उलट अंग झुकतं. पुतण्याच्या काट्यावर तेव्हा ताशी पन्नास दिसतात. काटा जुना आहे, त्याचं कितपत खरं मानायचं ते आलंच.

पहिल्या हंगामात ती सरळ फडक्यामागे धावायची. नंतर तिच्या लक्षात आलं की टोकाला जाऊन गाडी डावीकडे वळते. मग ती मधूनच कापायला लागली आणि वळणावर फडक्याची वाट बघत उभी. पुतण्या वैतागला, "काका, ही चीटिंग करते." तात्या बांधावर बसले होते, ते मात्र खूश. त्यांच्या काळात जोडीतलं एक कुत्रं हाकायचं आणि दुसरं कापायचं. कापणाऱ्याला मान जास्त. आता आम्ही वळायची बाजू बदलत राहतो आणि तरी ती आमच्या पुढेच असते.

दोन धावा झाल्या की बस. तिसरी तिला हवी असते, पण द्यायची नाही. सूर्य वर यायच्या आत सगळं उरकायचं, तिला चालवत गार करायचं, धाप बसल्याशिवाय पाणी पाजायचं नाही आणि चारही पंजे उलटे करून बघायचे.

जावा मी करमाळ्याकडच्या एका निवृत्त गुरुजींकडून घेतली. गोठ्यात पोत्यांखाली उभी होती आणि कोंबड्या सीटवर अंडी घालत होत्या. मरून रंगाची, 250 सीसी, सिलिंडर एकच पण सायलेन्सर दोन. प्राग शहरात 1929 साली यानेचेक नावाच्या माणसाने वांडरर कंपनीचं मोटारसायकलचं काम विकत घेतलं आणि दोन्ही नावांची आद्याक्षरं जोडून जावा केली. आपल्याकडे इराणी कुटुंबाने म्हैसूरला आयडियल जावाचा कारखाना काढला, 1961 पासून तिथे गाड्या बनू लागल्या. 1973 मध्ये नाव येझदी झालं आणि 1996 ला कारखाना बंद पडला. आमच्या भागात दूधवाल्यांनी या गाड्या वापरून वापरून झिजवल्या. तिची किक हीच गिअरची दांडी. गाडी सुरू झाली की ती दाबून पुढे पाडायची, मग गिअर. दांडीवर पाय पडला की क्लच आपोआप सुटतो, म्हणून एका हाताने कॅन सावरत दूधवाला गिअर बदलू शकायचा. नवख्या माणसाला गाडी दिली की तो किक मारून झाल्यावर खाली वाकून गिअर शोधत बसतो. बघायला मजा येते.

थंडीत तिला सुरू करायची एक पद्धत आहे. पेट्रोलचा कॉक उघडायचा, कार्बोरेटरवरचं बटण दाबून धरायचं, बोटाला पेट्रोल लागेपर्यंत. मग दोन किक चावी न लावता, तिसरी चावी लावून. हे सोडून दुसरं काही केलं तर प्लग ओला होतो आणि मग प्लग काढा, पुसा, उन्हात ठेवा, चहा प्या. लिटरला 40 मिली ऑइल मी स्वतः मोजून मिसळतो. अलीकडे पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आलं. जुन्या गाडीचे रबर त्याने फुगतात, टाकीच्या तळाशी पाणी उतरतं आणि आतून गंज धरतो. उजनीच्या पाण्यावर आमचा ऊस, त्या उसाचं इथेनॉल, ते माझ्याच कार्बोरेटरमध्ये. तक्रार कुणाकडे करायची? आठवड्याहून जास्त गाडी उभी राहणार असेल तर मी टाकी रिकामी करतो. पण तशी वेळ मी येऊच देत नाही.

जुलैच्या दुसऱ्या रविवारी जगभरचे जावावाले एकत्र जमतात. मीही जातो. एका मेळाव्यात चकचकीत गाड्यांची रांग लागली होती आणि त्यातल्या कितीतरी टेम्पोतून आणलेल्या. माझ्या गाडीच्या मडगार्डला चिखल होता. एका सद्गृहस्थाने फोटोसाठी ती जरा मागे घ्यायला सांगितली. मी घेतली. त्यांच्या गाडीला किक मारा म्हटलं तर म्हणाले, बॅटरी काढून ठेवलीय. मला यात हौस दिसत नाही, कुलूप दिसतं. कारवानला पट्ट्याला बांधून शोमध्ये फिरवणारे आणि हे एकाच पंगतीतले. जनावर असो की यंत्र, ज्या कामासाठी घडलं ते काम त्याच्याकडून काढून घेतलं की राहतो तो सांगाडा, मग त्याला कितीही पॉलिश करा.

मासेमारीत मात्र मला घाई नाही आणि यंत्रही नको. बांबूची काठी, तंगूस, गळ, शिशाचा मणी आणि मोरपिसाच्या देठाचा तुकडा तरंगायला. संध्याकाळी पाखरीला बरोबर घेऊन जातो. ती पाण्याकडे पाठ करून झोपते. जाळ्याचं काम भोई मंडळींचं, तो त्यांचा धंदा आहे. आपण काठाला बसायचं.

माझा मासा मरळ. मरळीला नुसत्या कल्ल्यांवर भागत नाही, हवा घ्यायला तिला वर यावंच लागतं. शांत पाण्यात लव्हाळ्याजवळ एक छोटा बुडबुडा फुटतो, वर्तुळ उठतं. पुढचा श्वास त्याच टापूत कुठेतरी होणार. आमिष तिच्या तोंडासमोर टाकायचं नाही, हातभर पुढे टाकायचं आणि हलवत आणायचं. तिने धरलं की काठी लगेच उचलायची नसते. ती आमिष घेऊन आधी लव्हाळ्यात शिरते, तिथे गिळते. तेवढा वेळ हात आवरणं हेच सगळं कसब. पावसाळ्याच्या सुरुवातीला कधी कधी पाण्यावर तांबूस पिल्लांचा पुंजका हलताना दिसतो, उकळी फुटल्यासारखा. त्याच्या खाली नर-मादी राखणीला असतात आणि जवळ येईल त्यावर तुटून पडतात. तेव्हा गळ टाकला तर लागणार हे नक्की. म्हणूनच टाकायचा नाही. आई-बाप गेले की तासाभरात चिलापी पिल्लं फस्त करते.

चिलापी आता उजनीत भरून राहिली आहे. परदेशातला हा मासा 1952 मध्ये भारतात आणला गेला. मादी अंडी तोंडात धरून उबवते, मग कमी कशी होईल? भिगवणच्या ढाब्यांवर तळून मिळतो तो हाच. महाशीर मात्र गेला. पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेतल्या महाशीरचं शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्स यांनी 1839 मध्ये प्रसिद्ध केलं होतं. ती नदी पुढे भीमेला मिळते आणि भीमा आमच्या उजनीत येते. आज त्याच वाटेने पुण्याचं सांडपाणी येतं आणि मागोमाग जलपर्णी. तात्यांनी धरणाआधीच्या भीमेच्या डोहात हातभर लांबीचे मासे तळापर्यंत दिसताना पाहिले आहेत. धरण 1980 ला झालं आणि तो डोह, त्यांचं जुनं घर, पांढरी, सगळं 117 टीएमसी पाण्याखाली गेलं. पाणी फार उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं. लोक नावेने दर्शनाला जातात. तात्या जात नाहीत.

गेल्या महिन्यात पुण्याहून एक गृहस्थ आले. पाखरीला पिल्लं झाली तर एक हवं होतं. पळायला जागा आहे का, विचारलं. म्हणाले, सोसायटीत जॉगिंग ट्रॅक आहे. राहता कितव्या मजल्यावर? अकराव्या. तेवढ्यात त्यांची नजर जावावर गेली. हॉटेलच्या दर्शनी भागात ठेवायला अशीच एक शोधत होते. चालू नसली तरी चालेल, रंग मात्र ओरिजिनल हवा. जाता जाता, काटे नसलेला एखादा मासा मिळेल का, हेही विचारलं. त्या सकाळी बादलीत दोन किलोची मरळ होती. मी तात्यांकडे पाहिलं.

तात्या म्हणाले, "पावन्यास्नी चिलापी बांधून दे. साफ करून दे म्हंजे झालं."

दिली बांधून. पैसे घेतले नाहीत.